खतीबबाईंचा वाव

भिंतीला कान असतात म्हणतात. माझ्या दुकानाच्या भिंतीला तोंड होतं, आणि ते रोज दुपारी चार वाजता उघडायचं.

रोह्याच्या एसटी स्टँडपासून जरा आत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, जे येईल ते. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीत रुकय्या खतीब नावाच्या बाईंनी अरबीचा क्लास काढला, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, बाई शांत दिसतात. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून चौदा जण एका सुरात "वाहद, इत्नेन, तलाता" म्हणजे एक, दोन, तीन करून ओरडले आणि माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड वाकडं लॅमिनेट झालं. मी तणतणत शेजारी गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हर्षदभाऊ, तुमी शाळेत पाढे कसे शिकलेत? मनात का वरडून?"

"वरडून," मी म्हणालो. परत आलो आणि आधार कार्ड पुन्हा प्रिंट केलं.

बाईंचं माहेर रोह्याच्याच मोहल्ल्यातलं. लहानपणी त्या एका म्हाताऱ्या उस्तानीकडे, म्हणजे मास्तरणीकडे, कायदा शिकल्या. कायदा म्हणजे अरबीची अंकलिपी. उस्तानीची शिस्त अशी की अक्षरावर बोट ठेवायचं, मोठ्याने हिज्जे करायचे, म्हणजे अक्षर सुटं सुटं म्हणून मग जोडायचं, आणि उच्चार तोंडातल्या ज्या जागेवरून यायला हवा तिथून येईपर्यंत पान उलटायचं नाही. एका घशातल्या 'ह'साठी रुकय्या चार महिने एकाच पानावर होती. बाकीच्या पोरी पुढे गेल्या. हे बाई अजून अभिमानाने सांगतात, जणू नापास होणं हीच मेरिट लिस्ट.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी सतरा वर्षं शारजात काढली. तिथे त्यांना कळलं की आपल्याला अरबी अख्खी वाचता येते आणि कांदे मागता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात दुकानात जाऊन त्यांनी पुस्तकातल्या शुद्ध अरबीत कांद्याची चौकशी केली. दुकानदार केरळचा निघाला. तो हिंदीत म्हणाला, "दीदी, प्याज उधर है." मग वरच्या मजल्यावरच्या एका अरब शेजारणीच्या ओट्याशी बसून, भाज्या निवडत, बाई बोलायची अरबी शिकल्या. नवरा गेल्यावर परत आल्या त्या दोन्ही घेऊन, तोंड उस्तानीचं आणि बोलणं शेजारणीचं.

त्यांचा क्लासही तसाच. धाटावच्या कंपन्यांतली पोरं पहिली शिफ्ट संपवून, अंगाला केमिकलचा वास घेऊन यायची, कारण त्यांना आखातातल्या रिफायनरीत जायचं असायचं. दवाखान्यांतल्या नर्स यायच्या. सगळ्यांना बाई आधी फरशीवर रांगेत बसवून हिज्जे करायला लावत, आणि नंतर भिंतीवर प्रोजेक्टर लावून बाजारातलं, बसमधलं, वॉर्डातलं बोलणं ऐकवत. प्रोजेक्टर मीच जोडून दिला होता. घरी जाताना प्रत्येकाच्या मोबाइलवर त्या दिवसाचं वाक्य बाईंच्या आवाजात. पोरं म्हणायची, बाई, हिज्जे सोडा, बोलायचं शिकवा, व्हिसा यायला आलाय. बाई म्हणायच्या, "आधी तोंड, मग व्हिसा." नऊ वर्षांत मला भिंतीतून इतकी अरबी आली की मी गिऱ्हाइकाला पाच झेरॉक्स मोजून देताना "खम्सा" म्हणायला लागलो. बायकोने एकदा घरी तसं म्हणताना पकडलं आणि दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होती.

गेल्या वर्षी सुरभी आली. धरमतर खाडीकाठच्या गावची, पेणच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. आठवड्यातून तीनदा रात्रपाळी संपवून पेणहून रोह्याला यायची. वडील नाहीत. आई सगुणाबाई मिठागरावर काम करते. मस्कतच्या एका दवाखान्यात सुरभीचं नाव लागलं होतं, कागद सगळे ठीक होते, फक्त तिथल्या मेट्रनबरोबर व्हिडिओवर अरबीतली मुलाखत बाकी होती. बाईंनी तिच्यापुरता आपला नियम मोडला. वेळ कमी, ड्युटी बारा तासांची, म्हणून हिज्जे गाळले आणि सरळ मोबाइलवरून वाक्यं पाठ करायला दिली. पोरगी हुशार. दीड महिन्यात ऐंशी वाक्यं तोंडपाठ.

आणि मुलाखतीत पहिल्याच वाक्याला घसरली.

झालं असं. मेट्रन पेशंट झाली, पोट धरून कण्हायला लागली. नर्सने विचारायचं, "वेन अल-वजा?" म्हणजे, कुठे दुखतंय? सुरभीने विचारलं, "येन अल-वजा?" आता खाडीकाठची माणसं वेळेला येल म्हणतात, विहिरीला इहीर म्हणतात आणि विसाला ईस. 'व' पुढे ए नाहीतर इ आली की त्यांच्या जिभेवरून तो गळून पडतो, आणि पडल्याचं त्यांना कळतही नाही. मराठीत त्याने काही बिघडत नाही. पण अरबीत 'वेन' म्हणजे कुठे आणि तिकडच्या बोलीत 'एन' म्हणजे डोळा. मेट्रन म्हणाली, डोळ्याला काही झालेलं नाही. सुरभीने पुन्हा नम्रपणे विचारलं, "येन?" मेट्रन म्हणाली, सांगितलं ना, डोळा बरा आहे. असं तीनदा झालं. मग मेट्रनने सांगितलं की पोटदुखीच्या पेशंटच्या डोळ्यात औषध घालणारी नर्स मला नको. दोन महिन्यांनी शेवटची एक संधी देते, त्यातही असंच झालं तर जागा दुसरीला.

बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. "मी हिज्जे गाळले," एवढंच म्हणाल्या आणि त्या आठवड्यात इतक्या पोटतिडकीने शिकवायला लागल्या की आवाज बसला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. सहा आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाही तर आवाज कायमचा घोगरा होईल, कदाचित जाईलही.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, दीड महिना शांतता. शांतता चार दिवस टिकली आणि मला खायला उठली. चार वाजले की हात थांबायचा. भिंत गप्प. मी उगाच रेडिओ लावायचो आणि उगाच बंद करायचो. ज्या आवाजावर मी नऊ वर्षं चिडत होतो त्याच्यावर माझा जीव होता, हे मला तेव्हा कळलं. सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

पाचव्या दिवशी बाई दुकानात आल्या. हातात शाळेतली दगडी पाटी. त्यावर लिहिलं होतं, "क्लास चालू करायचा हाय." मी विचारलं, कसा? त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "माझा आवाज पोरांच्या मोबाइलमधी हाय. गोळा करा."

दोन दिवस मी तेच केलं. जुन्या नव्या पोरांना मेसेज टाकले. धाटावहून आल्या, दुबईहून आल्या, कुवेतला वेल्डर असलेल्या प्रणितने एकट्याने दोनशे क्लिपा पाठवल्या, सात वर्षांपूर्वीपासूनच्या. काहींत मागे कोंबडा आरवत होता, एकीत मी स्वतः भिंतीवर धपाधप हात मारत होतो. सगळ्या नीट लावून लॅपटॉपमध्ये भरल्या. बाई ऐकत बसल्या. आपलाच आवाज, तोही चांगला खणखणीत असतानाचा. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

क्लास सुरू झाला. लॅपटॉप म्हणायचा, मुलं त्याच्यामागून म्हणायची. मला वाटलं होतं, मग बाई कशाला हव्यात? ते दुसऱ्याच दिवशी कळलं. लॅपटॉप "वेन" म्हणायचा, सुरभी "येन" म्हणायची, लॅपटॉप पुढच्या वाक्याला जायचा. त्याला काय त्याचं? बाई मात्र पुढे बसून पेन्सिलीने फरशीवर टक् करायच्या. टक् झालं की थांबायचं, मागे जायचं, पुन्हा म्हणायचं. पाटीवर त्यांनी मला लिहून दाखवलं, "मशीन बोलतं. ऐकत नाय." उस्तानीची सगळी विद्या शेवटी त्या कानात होती.

पण सुरभीचं काही जमेना. टक्. येन. टक्. येन. पालथ्या घड्यावर पाणी. ती रडकुंडीला आली. "बाई, मी तसाच तं बोलते," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. तिच्या कानाला दोन्ही एकच वाटत होते. तेव्हा माझ्या डोक्यात एक आलं, आणि एवढं श्रेय मी घेणार. मी तिचा "येन" मोबाइलवर रेकॉर्ड केला, त्याला बाईंचा "वेन" जोडला, आणि दोन्ही निम्म्या वेगाने लागोपाठ वाजवले. पहिल्यांदा काही नाही. आठव्यांदा सुरभीने मान वर केली. "माज्यात सुरवातीचा काहीतरी नाय," ती म्हणाली. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत कधी मिळालं नाही ते बक्षीस मिळालं.

आता कानाला कळलं, तोंडाला कळायचं बाकी होतं. बाईंनी हिज्जे परत सुरू केले. वाव हे अक्षर, म्हणजे अरबीतला 'व'. बोट वावावर, दोन्ही ओठ गोल. पाटीवर गोल ओठांचं चित्र काढलं, ते वांग्यासारखं दिसत होतं. सुरभी ओठ गोल करायची खरी, पण आवाज येताना ते पुन्हा सपाट.

एका रविवारी तिची आई बरोबर आली होती. मिठागरावर उन्हाने रापलेली, दारापाशी उकिडवी बसलेली सगुणाबाई बराच वेळ हा खेळ बघत होती.

"काय बोलाचा हाय तिनी?" तिने मला विचारलं. मी सांगितलं.

"आन् ती काय बोलतं?" तेही सांगितलं.

"मना तं सारखाच वाटतं," ती म्हणाली. मग बाईंच्या ओठांकडे निरखून बघितलं आणि लेकीला म्हणाली, "बाय, चूल फुकतंस तवा तोंड कसा करतंस? तसाच कर, फुकाला सुरवात कर, नि मंग बोल."

सुरभीने चूल फुंकायचं तोंड केलं. बारीक "उ" निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ "एन". उ, एन. उएन. वेन.

पेन्सिल वाजली नाही. बाई उठल्या, सगुणाबाईसमोर जाऊन बसल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. सगुणाबाई संकोचून म्हणाली, "आवं बाय, चूल तं सगल्याच फुकतात."

मुलाखतीचा दिवस आला तेव्हा मौनाचे नऊ दिवस शिल्लक होते. माझ्या दुकानात इंटरनेट चांगलं, म्हणून लॅपटॉप माझ्याच काउंटरवर. मी शटर अर्धं खाली ओढलं. खतीबबाईंना मी आत स्टूल दिलं तर त्यांनी मान हलवली आणि बाहेर पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसल्या. शिकवणाऱ्याने परीक्षेत समोर बसायचं नाही, हाही उस्तानीचा नियम. खुणेने मदत केली असा कुणी संशयही घेऊ नये. सगुणाबाई त्यांच्या शेजारी बसली.

मेट्रन पडद्यावर आली. पन्नाशीची, चष्मेवाली. पोटावर हात धरून ती कण्हली. सुरभीचे ओठ चुलीपुढे व्हावे तसे गोल झालेले मला दिसले.

"वेन अल-वजा?"

"बतनी," मेट्रन म्हणाली. पोट.

पायरीवरची पाठ हलली नाही. मग कधीपासून दुखतंय, ताप आहे का, काय खाल्लं, कुशीवर वळा, घाबरू नका, सगळी वाक्यं एकामागून एक नीट गेली. मी मनातल्या मनात पेढ्यांची ऑर्डर देऊन मोकळा झालो. तेवढ्यात मेट्रनने चष्मा सरळ केला आणि सावकाश काही बोलली. सुरभीचा चेहरा उतरला. सुरभीने नंतर सांगितलं, मेट्रन म्हणत होती, उच्चार छान आहेत, पण ही सगळी पाठ केलेली वाक्यं. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या मुली हीच वाक्यं पाठ करून येतात. पेशंट पाठ केल्यासारखा आजारी पडत नाही. तुझं स्वतःचं काही बोलता येतं का?

सुरभीने काउंटरवरच्या मोबाइलकडे बघितलं. मेट्रनलाही बहुतेक दया आली. तिने सोपा प्रश्न टाकला, तुला कुणी शिकवलं?

सुरभीने लॅपटॉप दाराकडे वळवला आणि हाक मारली, "बाई." खतीबबाई चपला काढून आत आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. मेट्रनने त्यांना सलाम केला, "अस्सलामु अलैकुम." सलामाचं उत्तर राहिलं असं बाईंच्या आयुष्यात झालं नसेल. त्यांचे ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, आणि मला वाटलं, या आता बोलणार, गेला आवाज. त्यांच्याआधी सुरभीने उत्तर दिलं, "व अलैकुम अस्सलाम." बाईंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

मेट्रनने भुवया उंचावल्या. या बोलत का नाहीत?

हे ऐंशी वाक्यांत कुठेच नव्हतं. गाठ, स्वरयंत्र, मौन, मनाई, यातला एकही शब्द सुरभीला येत नव्हता. तिने बाईंकडे बघितलं, त्यांनी मुद्दाम नजर खाली वळवली. तिने माझ्याकडे बघितलं, मी काय सांगणार, मला फक्त पाचपर्यंत येतं. मग तिने काउंटरवरचा आपला मोबाइल उचलला, ज्यात त्या सगळ्या क्लिपा होत्या, तो छातीशी धरला आणि एकेक शब्द शोधत, तुटक तुटक म्हणाली, "सौतहा... इंदना."

त्यांचा आवाज आमच्यापाशी आहे.

मेट्रनने मान डोलवली आणि सुरभीला सांगितलं की पासपोर्टची कॉपी आजच पाठव, पुढच्या महिन्यात ये.

दारातून सगुणाबाई विचारत होती, "काय जाला गो? काय जाला?" आणि सुरभी तिच्या गळ्यात पडून रडत होती. मी पासपोर्ट मशीनवर ठेवला, पण बटण कुठलं ते मला दिसेना, डोळे भरले होते. खतीबबाई काउंटरला टेकून उभ्या होत्या. गालावरचं पाणी त्यांनी पुसलं नाही. पाटी ओढून घेतली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

लिहिलं होतं, "हे मी शिकवलं नव्हतं."